ऑनलाइन मुलाखतीआधी लॅपटॉपचं वायफाय: आदल्या दिवशी काय तपासायचं

राउटर एकदा बंद-चालू करा आणि मोबाइलला त्याच वायफायवर नेट मिळतंय का बघा. मोबाइलला मिळत असेल आणि लॅपटॉपवर तुटत असेल तर दोष लॅपटॉपचा, नेटवाल्याला फोन करत बसू नका.

आता मुख्य काम. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'वायरलेस अॅडॅप्टर सेटिंग्ज'मधला 'पॉवर सेव्हिंग मोड' उघडा. खाली दोन ओळी येतात: 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. दोन्ही बदला. दोन्ही! चार्जर लावलेला असतो, 'प्लग्ड इन'पुढे 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' दिसतं आणि आपण खिडकी बंद करून मोकळे होतो. वरच्या ओळीत 'मीडियम पॉवर सेव्हिंग' तसंच राहतं. माझी मुलाखत त्याच ओळीने घालवली. जूनचा वारा सुटला की नाशकात लाइट जाणारच. राउटर इन्व्हर्टरवर चालू, मोबाइलला नेट, पण लॅपटॉप बॅटरीवर गेला की समोरच्याचे शब्द तुटायला लागतात. म्हणून 'ऑन बॅटरी'लाही 'मॅक्झिमम परफॉर्मन्स', मग अप्लाय.

हे होतं कशामुळे? वीज वाचवायला वायफायचं कार्ड मधूनमधून झोपतं. तेवढ्यात आलेला डेटा राउटर धरून ठेवतो आणि सेकंदाला साधारण १० वेळा सुटणाऱ्या बीकन सिग्नलमधून 'तुझं काही आलंय' असं कळवतो. वेबसाइट उघडताना हा उशीर कळत नाही, कॉलवर लगेच कळतो. त्यात राउटर आणि ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) जमलं नाही तर वायफाय सुटतंच.

दुसरी जागा डिव्हाइस मॅनेजर. नेटवर्क अॅडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'पॉवर मॅनेजमेंट'. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. ड्रायव्हर अपडेट झाला की ती परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा बघा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो, वरचा वायरलेसचा पर्यायही नसतो. शोधण्यात रात्र घालवू नका. सेटिंग्जमध्ये 'पॉवर मोड' 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा, तोही चार्जर काढून, कारण बॅटरीचा मोड वेगळा लक्षात ठेवला जातो.

बॅटरी सेव्हर बंद.

मग चाचणी. चार्जर काढा. चार्जर लावून केलेली चाचणी धरू नका. बॅटरीवर कोणाला तरी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल करा, निम्म्या वेळी घरातलं कोणीतरी बोलत राहू दे आणि तुम्ही नुसतं ऐका.

राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड निवडा. मोबाइल चार्ज, डेटा शिल्लक, यूएसबी केबल हाताशी: वायफाय दगा देऊ लागलं तर केबलने टेथरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला द्या; हॉटस्पॉट नको, तो त्याच कार्डावर चालतो. मुलाखत झाली की 'ऑन बॅटरी' पुन्हा 'मीडियम'वर न्या, बॅटरी जास्त टिकेल.