जुन्या बीएस-३ बसला डीपीएफ बसवायचा तर

सायलेन्सर कापून त्या जागी डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसवणं हे दोन मेस्त्र्यांचं एका दिवसाचं काम. तो वर्षानुवर्षं टिकतो की दोन महिन्यांत वितळतो, हे त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. इथे मेकॅनिकल पंपाचं, सहा सिलिंडरचं, साडेपाच ते सहा लिटरचं टर्बो इंजिन धरलं आहे. स्टाफ बस आणि मध्यम ट्रकात असतं तसं.

डिझेलची अडचण आता उरलेली नाही. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे नियम. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं, बीएस-४ ला ५०. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचंच मिळतं, त्यामुळे फिल्टरवरचा, काजळी जाळायला मदत करणारा प्लॅटिनमचा लेप गंधकाने खराब होत नाही. मात्र हायवेवर ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या तेलात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. त्यात धातूंचे अंश असले तर त्यांची राख फिल्टरमध्येच साठते आणि ती जळत नाही. ते तेल सोडवत नसेल तर फिल्टरवर पैसे घालू नका.

आधी इंजिन. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ एचएसयूपर्यंत (धुराच्या काळेपणाचं माप) पास मिळतो. फिल्टरसाठी तो आकडा कामाचा नाही. धूर ४० च्या वर असेल तर आधी इंजिनाचं काम काढा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल टेस्ट बेंचवर लावून तीन गोष्टी बघा: उघडण्याचा दाब, फवारा आणि टोकाला थेंब लोंबतो का. पंपाचं सील तुटलेलं असेल तर पिकअपसाठी कुणीतरी डिझेल वाढवलंय असं समजा आणि पंप कॅलिब्रेशनला पाठवा. टर्बो ते इंटरकूलरचा होज आतून चिरलेला असू शकतो, तो हाताने दाबून बघा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एक टक्का सल्फेटेड राखेच्या (ऑइल जळल्यावर उरणारी राख) ऑइलमध्ये लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम राख असते. इंजिन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल खात असेल, तर ६०,००० किलोमीटरला अर्धा किलो राख झाली. सगळी फिल्टरपर्यंत पोचत नाही, पण दहा लिटरचा फिल्टर जाम व्हायला निम्मीही भारी पडते. म्हणून रिंगा आणि टर्बोचं सील आधी, आणि ऑइल सीके-४ ग्रेडसारखं कमी राखेचं.

मग तापमान. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. टर्बोच्या तोंडाशी एक आणि फिल्टर जिथे येणार तिथे एक, अशा दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून त्यांची नोंद ठेवणारा लॉगर दोन आठवडे रोजच्या रूटवर फिरवा; रिकाम्या फेऱ्याही त्यात आल्या पाहिजेत. लेप असलेल्या फिल्टरमध्ये काजळी साधारण २५० अंशांपासून नायट्रोजन डायऑक्साइडवर हळूहळू जळते. लेपाशिवाय तिला ५५० ते ६०० अंश लागतात, आणि जुन्या बसच्या सायलेन्सरला तेवढी उष्णता क्वचितच मिळते. चालत्या वेळेपैकी ३० ते ४० टक्के वेळ २५० च्या वर जात असेल तर लेपाचा फिल्टर चालेल. सकाळ-संध्याकाळ आठ-दहा किलोमीटर फिरणारी शाळेची बस तिथे पोचतच नाही. तिला पार्शल-फ्लो (काजळीचा काही भागच अडवणारा) फिल्टर, नाहीतर रात्री डेपोत विजेवर काजळी जाळणारा प्रकार. नुसता डीओसी, म्हणजे फिल्टर नसलेला ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, ‘धुराचा फिल्टर’ म्हणून विकला जातो, तो घेऊ नका: त्याने कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन छान कमी होतं, काळी काजळी जवळपास तशीच राहते.

फिल्टरचं माप इंजिनाच्या दीड ते दोनपट धरा, म्हणजे ९ ते १२ लिटर. सायलेन्सरच्या जागेपेक्षा टर्बोच्या जितकं जवळ बसेल तितकं चांगलं, मधल्या पाइपला हीट रॅप गुंडाळायचं. वजन पाइपवर लोंबू देऊ नका: चेसिसला ब्रॅकेट, रबर माउंट आणि इंजिनाच्या बाजूला लवचिक बेलो. वेल्डिंग करू नका, व्ही-बँड क्लॅम्प लावा, कारण फिल्टर साफ करायला पुन्हा उतरवायचाच आहे. ब्रेकच्या नायलॉन एअर लाइन जवळून जात असतील तर आधी त्या हलवा.

फिल्टर भरत गेला की त्याच्या आधीचा दाब वाढतो, तो मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या नळीवर जरा वेळ द्या. ती फिल्टरच्या आधीच्या पाइपाच्या वरच्या अंगाने काढायची, पहिला अर्धा मीटर स्टीलची आणि सतत चढती. मध्ये कुठे झोळ राहिला की पाणी साचतं, काजळी चिकटते, नळी बुजते आणि मीटर कायम शून्य दाखवतो. ड्रायव्हर खूश, फिल्टर भरतोय. पिवळा दिवा १५० मिलिबारला, लाल आणि बझर २०० ला ठेवता येतो. इंजिन कंपनीची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळा. बझरची वायर उपटली जाते, म्हणून लॉगर दर महिन्याला वाचा.

वितळलेले फिल्टर बहुतेक वेळा एकाच क्रमाने वितळतात. काजळी जास्त साठलेली, खंबाटकीसारखा चढ, फिल्टर लाल तापलेला, आणि वर पोचल्यावर ड्रायव्हर इंजिन आयडलवर ठेवून चहाला उतरतो. आयडलला एक्झॉस्टचा झोत मंदावतो, उष्णता वाहून जात नाही, त्यात ऑक्सिजन वाढतो आणि सगळी काजळी एकदम पेटते. फिल्टरच्या दोन सिरॅमिक प्रकारांपैकी कॉर्डिएराइटचा यात आधी जातो, सिलिकॉन कार्बाइडचा जास्त सोसतो.

पुरवठादाराकडे मान्यताप्राप्त संस्थेचा टेस्ट रिपोर्ट मागा. पुण्यातली एआरएआय त्यापैकीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतल्या फेरबदलांचा प्रश्न येतो, म्हणून कापाकापीच्या आधी आरटीओत लेखी विचारून घ्या. फिल्टरने आरसीवरचं बीएस-३ बदलत नाही आणि पीयूसी सुटत नाही.

राख काढायला फिल्टर वजन करून भट्टीत तापवतात, थंड झाल्यावर उलट्या दिशेने कोरडी हवा मारतात, पुन्हा वजन करतात. पाण्याचा प्रेशर जेट वापरला की राखेचा चिखल होऊन वाहिन्या बुजतात. राख उघड्यावर उडवू नका, मास्क घाला. परत बसवताना फिल्टरवरचा बाण एक्झॉस्ट वाहतो त्या दिशेने.

शेवटची तपासणी फडक्याची. बसवल्या दिवशी टेलपाइप आतून घासून स्वच्छ करा आणि महिन्याने पांढरं फडकं फिरवा. फडकं काळं निघालं तर फिल्टरला तडा आहे किंवा कडेने गॅस निसटतोय. मीटर काहीही म्हणो, फिल्टर उतरवून बघा.