मर्यादित आवृत्तीची चित्रे जमवताना या चुका टाळा

क्वेंटिन ब्लेक यांनी १९७८ पासून रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांसाठी काढलेली चित्रे ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांतले अनेक जण आता कमावते झाले आहेत आणि या चित्रकाराची सही असलेली मर्यादित आवृत्तीतली, म्हणजे ठरावीक संख्येतच छापून क्रमांक घातलेल्या प्रतींपैकी, एखादी प्रत आपल्या घरात असावी, असे त्यांना वाटू लागले आहे. ही इच्छा चांगलीच आहे. मात्र कोणते चित्र घ्यावे यावर महिनोन्‌महिने विचार करणारा माणूस प्रत हातात पडल्यावर तिला भिंतीवर लावण्याची इतकी घाई करतो, की तिचे मोल पहिल्या आठवड्यातच निम्मे होते. सोलापुरात माझ्याकडे याविषयी विचारायला येणारे बहुतेक जण चूक करून झाल्यावरच येतात.

सर्वांत मोठी चूक फ्रेम करताना होते. जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी परदेशातून मागवलेली प्रत नळकांड्यातून काढली आणि त्याच संध्याकाळी लग्नाचे फोटो व देवांच्या तसबिरी मढवणाऱ्या एका दुकानात नेऊन दिली. दुकानदाराकडे बारा बाय अठराची तयार फ्रेम होती आणि चित्र तिच्यात मावत नव्हते. "साहेब, ही कोरी कड कशाला ठेवायची? कापली की चित्र कसं भरल्यासारखं दिसतंय बघा," असे म्हणून त्याने चारही बाजूंचा पांढरा कागद उडवला आणि आमच्या स्नेह्यांनी मान डोलावली. पेन्सिलीने लिहिलेला प्रतीचा क्रमांक आणि चित्रकाराची सही चित्राखालच्या त्या कोऱ्या कडेतच होती. उरलेला भाग पांढरा गोंद लावून हार्डबोर्डवर सपाट चिकटवला गेला. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगला, पण सगळीकडून चिकटलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळेना आणि चित्राच्या मधोमध फुगवटे आले. सही परत मिळवता येईल का, असे विचारायला ते आले, तेव्हा दुकानातला कचरा कधीच गेलेला होता. मी दुकानदाराला दोष देत नाही. रोज जे काम येते ते तो ज्या पद्धतीने करतो, तसेच त्याने हेही केले. समोर उभे राहून काय करायचे नाही ते सांगणे हे मालकाचे काम होते.

माझी सवय अशी आहे, की प्रत दुकानात ठेवून मी कधीही घरी येत नाही. मागचा पुठ्ठा आणि पुढचा माउंट, म्हणजे चित्र दिसावे म्हणून मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, आम्लविरहित हवा, हे आधी ठरवून घेतो, कारण साध्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि खिडकी कापलेल्या कडेने काही वर्षांत पिवळी रेघ उमटते. कागद फक्त वरच्या काठाला पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी टांगायचा आणि बाकी तीन बाजू मोकळ्या सोडायच्या, म्हणजे हवामानाप्रमाणे त्याला आकसता-पसरता येते. या पट्ट्यांसाठी मी गव्हाच्या चिकाची खळ शिजवतो. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो, तोच इथे चालतो, आणि पुढे कधी पट्टी काढायची झाल्यास ती थोड्याशा पाण्याने सुटते. मैद्याची खळ मात्र करू नये, कारण तिच्यावर कसर लवकर येते. जुने बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत आले आहेत. वह्यांच्या बांधणीत ते खपून जाते, पण मोरचुदातले तांबे कागदाला हळूहळू ठिसूळ करते, म्हणून चित्राजवळ ते येऊ देऊ नये. पारदर्शक चिकटपट्टीबद्दल आणि लॅमिनेशनबद्दल मी बोलणेच सोडून दिले आहे.

दुसरी चूक क्रमांकाच्या मोहाची आहे. २०० प्रतींच्या आवृत्तीतली सातवी प्रत एकशेत्र्याण्णवाव्या प्रतीपेक्षा सरस असते, अशी समजूत नवख्यांमध्ये घट्ट बसलेली दिसते आणि विक्रेते तिचा फायदा घेतात. या समजुतीला आधार आहे, पण तो वेगळ्या छपाईत आहे. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडताना रेघेच्या काठाशी जी धातूची बारीक कड उभी राहते, ती छापखान्याच्या दाबाखाली लवकर झिजते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रतींतली मखमली गडद रेघ पुढच्या प्रतींत राहत नाही. पुस्तकांतल्या चित्रांच्या आजच्या बहुतेक मर्यादित आवृत्त्या मात्र जिक्ले पद्धतीने, म्हणजे डिजिटल फाइलवरून रंगद्रव्याच्या शाईने छापली जातात. तिथे झिजण्यासारखे काही नसते आणि क्रमांकही छपाईच्याच क्रमाने पडले असतील असे नाही. म्हणून क्रमांकासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी हेच चित्र दुसऱ्या आकारात वेगळी आवृत्ती म्हणून काढले आहे का आणि चित्रकारासाठी राखलेल्या प्रती किती आहेत, हे विचारावे. या दोन प्रश्नांवर जो विक्रेता चिडतो, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही.

सहीची खात्री मात्र करून घ्यावीच. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन कागद उजेडात तिरपा धरावा. पेन्सिलीची सही किंचित चकाकते आणि शिशाचे कण कागदाच्या उंचवट्यांवर अडकलेले दिसतात. छापलेली सही बारीक ठिपक्यांत विरघळते. प्रमाणपत्रावर मी यापेक्षा कमी विश्वास ठेवतो, कारण ते देणारा जितका भरवशाचा, तितकेच ते भरवशाचे असते.

बाकीच्या चुका दोन-चार वाक्यांत संपतात. जुन्या पुस्तकातले पान कापून मढवलेले चित्र म्हणजे मर्यादित आवृत्ती नव्हे, मग विकणारा काहीही म्हणो. नळकांड्यातून काढलेला कागद उलटा गुंडाळून सरळ करू नये. तो स्वच्छ कागदांच्या मध्ये सपाट ठेवून वर हलके वजन द्यावे आणि थांबावे. काच चित्राला टेकू देऊ नये. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर चित्र टांगू नये, कारण ब्लेक यांच्या चित्रांत शाईच्या रेघेइतकेच जलरंगाच्या फिकट छटांना महत्त्व आहे आणि उन्हात त्याच आधी उतरतात. परदेशातून मागवताना आयात शुल्क आणि कर आपल्यालाच भरावे लागतात, तेव्हा फ्रेमचे पैसे बाजूला काढूनच चित्राची किंमत ठरवावी. चांगल्या माउंटसाठी पैसे उरत नसतील, तर प्रत आम्लविरहित फोल्डरमध्ये घालून कपाटात सपाट ठेवावी आणि फ्रेम पुढच्या वर्षी करावी.