पूलवर पैज लावायचीय? मग ब्रेकच्या (पहिल्या शॉटच्या) आधी एवढं बोलून घ्या

पूल म्हणजे टेबलवर काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे नंबरचे बॉल भोकात पाडायचा खेळ. नुसतं खेळून कंटाळा आला की कोणीतरी म्हणतंच, चल काहीतरी लावून खेळू. लावा की, साध्या सरळ शॉटला पण हात थरथरायला लागतो, मजाच वेगळी. फक्त मी बघितलेली भांडणं रकमेवरून कधीच झाली नाहीत, झाली ती आधी न बोललेल्या नियमांवरून.

पहिलं म्हणजे तुमच्या इथे पैशांवर खेळणं कायद्यात बसतं का आणि क्लबवाल्याला चालतं का ते बघा. बऱ्याच ठिकाणी नाही चालत. मग नुसत्या पॉइंटवर खेळा, हरणारा सगळे रॅक लावेल (दर गेमआधी बॉल मांडून देईल), तेवढ्याने पण चुरस येते.

रक्कम एवढीच ठेवा की हरलात तरी घरी पोचेपर्यंत विसराल, आणि दिवसाची एक लिमिट ठरवा. 'चल डबल' हा प्रकार बंदच करा, कारण 1 पॉइंटची उधारी पाच वेळा डबल होऊन हरलात की थेट 32 होते.

दोघं असाल तर एट बॉल (आपल्या गटाचे बॉल संपवून शेवटी 8 पाडायचा), आधी 5 गेम जिंकेल तो जिंकला, पैज अख्ख्या रेसवर. दर गेमवर लावली तर नशिबाचा भाग वाढतो, पण कधीही उठून जाता येतं.

तिघं असाल तर नाइन बॉलमध्ये (1 ते 9 नंबरचे बॉल, 9 पाडेल त्याचा गेम) 5 आणि 9 वर पॉइंट लावा, हा माझा आवडता. 5 पाडला तर 1, 9 पाडला तर 2, आणि हे पॉइंट बाकीच्या दोघांनी प्रत्येकी द्यायचे, म्हणजे 9 पाडणाऱ्याला एकूण 4 मिळतात. पांढरा बॉल आधी टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरला लागला पाहिजे, त्यानंतर कुठलाही बॉल पडला तरी चालतो, त्यामुळे 2 वरून 9 गेला तरी पॉइंट तुमचेच. आता खरी भानगड फाउलची (नियम मोडलेल्या शॉटची): नेहमीच्या नियमाने फाउलवर पडलेला फक्त 9 परत टेबलवर येतो, 5 येत नाही, मग 5 चं काय ते आधीच ठरवा (आम्ही तो पण परत ठेवतो). ब्रेकवर 9 पडला तर डबल द्यायचे का, हेही. आणि खेळायचा क्रम दर दोन-तीन रॅकनंतर बदला, कारण चांगल्या खेळाडूच्या मागे जो येतो त्याच्या वाट्याला कायम अडकलेला पांढरा बॉल येतो, बिचारा.

एकजण फारच भारी असेल तर त्याने सूट द्यायची. रेसमध्ये त्याला 5 आणि समोरच्याला 3 च गेम, किंवा नाइन बॉलमध्ये समोरच्याने 8 पाडला तरी गेम त्याचा. दोनदा एकतर्फी झालं की सूट एकाने कमीजास्त करा, इथे इगो मध्ये आणू नका.

चार-पाच जण जमलात तर 1 ते 15 च्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकाने एक उचलून लपवून ठेवायची, आपल्या नंबरचा बॉल जो पाडेल तो जिंकला. तुमचा बॉल दुसऱ्याने पाडला तर तुम्ही आउट.

हिशोब फोनवर लिहा, त्याच दिवशी मिटवा. आणि शेवटचा रॅक कुठला ते सुरुवातीलाच जाहीर करा, हरत असलेला माणूस टेबल सोडत नाही, मीही सोडलेलं नाहीये.