चिलर स्टार्टला ट्रिप होतोय? रिसेटवरचा हात आधी काढा

सेंट्रिफ्युगल चिलर (फिरत्या इम्पेलरने गॅस दाबून पाणी थंड करणारं मशीन) सुरू होताना मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली की नव्या ऑपरेटरचा हात आधी रिसेटच्या बटणावर जातो. माझं डोकं तिथेच फिरतं. करंट जास्त झाला की मोटर थांबवणारा रिले बिचारा ओरडून सांगतोय, आणि आपण त्याचंच तोंड दाबतो.

नेहमीची चूक म्हणजे सक्शनच्या गाइड व्हेन (इम्पेलरकडे जाणारा गॅस कमी-जास्त करणारी पाती) उघड्या असताना स्टार्ट देणं. मोटर आधी स्टार जोडणीत सुरू होते, मग डेल्टात जाते. स्टारमध्ये लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो हे सगळ्यांना पाठ असतं. टॉर्कही, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढाच उरतो, हे विसरतात. व्हेन उघड्या असल्या की इम्पेलर गॅस ओढू लागतो, मोटर स्पीड पकडत नाही, आणि तशीच डेल्टात गेली की करंटचा काटा पार टोकाला.

एका औषध कारखान्यात ४०० टन कूलिंगचं मशीन तीन दिवस असंच ट्रिप होत होतं. पॅनेलवर ‘व्हेन बंद’चा दिवा छान पेटलेला. मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासून झालं, रिले बदलला, वर त्याचं सेटिंगही वाढवून ठेवलेलं! मी पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या लिंकेजला हात लावून पाहिला, तर ग्रब स्क्रू ढिला. अ‍ॅक्च्युएटर बंदवर येऊन दिव्याचा लिमिट स्विच दाबत होता, आतली पाती मात्र अर्धी उघडी. दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून मी व्हेनच्या शाफ्टवरच पेंटची रेघ मारून ठेवतो आणि स्टार्टआधी तीच बघतो.

दुसरी चूक सोमवार सकाळची. सुट्टीनंतर चिल्ड वॉटर २८–३० अंशांवर, वरून फोन चालू, म्हणून साहेब व्हेन मॅन्युअलवर घेऊन उघडतात. पाणी गरम असताना सक्शन प्रेशर चढलेलं, गॅस दाट. पाती जराशी उघडली तरी मोटर भरते. मी डिमांड लिमिट (मोटरने घ्यायच्या करंटची मर्यादा) ४० टक्क्यांवर ठेवतो आणि पाणी उतरेल तसं वाढवतो. उशीर होतो, होऊ दे.

कंडेन्सरचा पंप आधी, मशीन नंतर. मशीन बंद असलं तरी ऑइल हीटर चालूच. नाहीतर तेलात गॅस मुरतो आणि स्टार्टला फेस येतो. लो प्रेशर मशीनमध्ये हवा शिरली की हेड (कंडेन्सरचं प्रेशर) चढतं, हवा बाहेर काढणारा पर्ज बघा.

आणि लागोपाठ स्टार्ट नकोत, प्रत्येक वेळी रोटर तापतो. दोन स्टार्टमध्ये अंतर ठेवणारा अर्ध्या तासाचा टायमर जंपर टाकून बायपास करणारे मी पाहिलेत. त्यांच्या मोटरी रिवाइंडिंगवाल्याकडे पाहिल्यात.