दुसऱ्या लग्नानंतरचे मृत्युपत्र: या चुका टाळा

दुसरे लग्न, दोघांची आधीची मुले, कदाचित एक दोघांचे मिळून. अशा घरात मृत्युपत्र नसेल किंवा ते घाईत लिहिलेले असेल, तर सर्वांत आधी उघड्यावर पडतात ती सावत्र मुले. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार सावत्र मुलगी आपल्या सावत्र वडिलांची वारस नसते. तिला लहानाचे मोठे तुम्ही केले असेल, शाळेत तुमचेच आडनाव लावले असेल. पण रीतसर दत्तक घेतले नसेल, तर मृत्युपत्राशिवाय तिला काहीही मिळत नाही.

म्हणून ‘माझ्या मुलांना समान वाटा’ असे मोघम लिहू नका. प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ते कोणाचे अपत्य आहे हे लिहा. पत्नीचेही नाव लिहा. पहिला घटस्फोट रीतसर झाला नव्हता असे कोणी पुढे उकरून काढले, तर नुसत्या ‘माझी पत्नी’ या शब्दांवरूनच भांडण उभे राहते.

‘सगळे तिच्या नावे करतो, ती देईल मुलांना’

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती चांगली माणसे करतात. समजा, पतीला पहिल्या लग्नाची मुलगी आहे, पत्नीला पहिल्या लग्नाचा मुलगा. पतीने फ्लॅट पूर्ण मालकीने पत्नीला दिला. पुढे पत्नी मृत्युपत्र न करता गेली, तर फ्लॅट तिच्या मुलाला जातो. ज्याने तो फ्लॅट घेतला, त्याच्या मुलीच्या हाती काहीच लागत नाही. यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही.

पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर मालकी मुलीला, हा त्यावरचा नेहमीचा मार्ग. पण तो लिहिताना फार जपा. आधी ‘पूर्ण मालकीने देत आहे’ आणि दोन ओळींनंतर ‘तिच्या पश्चात मुलीला’ असे लिहिले की वाद ठरलेलाच. फ्लॅट विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येणार नाही, सोसायटीचा मेन्टेनन्स आणि मालमत्ता कर कोण भरणार, हे स्पष्ट हवे. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 मुळे स्त्रीला दिलेला मर्यादित हक्क काही परिस्थितीत पूर्ण मालकीचा ठरू शकतो, विशेषतः तो तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिला असेल तर. यावरचे निकाल एकसारखे नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. तेव्हा मृत्युपत्रातला हा तहहयात हक्काचा भाग तरी वकिलाकडूनच लिहून घ्या.

जुने मृत्युपत्र तसेच राहणे

हिंदूंच्या बाबतीत दुसऱ्या लग्नामुळे आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचे मात्र लग्नाने रद्द होते. तुमच्यावर कोणताही नियम लागू असो, नव्या मृत्युपत्रात ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे’ हे वाक्य हवेच. (मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशच मालमत्तेची वसियत करता येते, आणि वारसाला द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते.)

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी म्हणून नाव लावल्याने मालकी मिळत नाही, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तरी बँक, डीमॅट, विमा यांवर पहिल्या जोडीदाराचे नाव राहिले असेल तर ते बदला. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरेच नाव, म्हणजे वारसांना हेलपाटे.

सह्या आणि साक्षीदार

किमान दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेले असावे आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. तुमच्याहून तरुण आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे साक्षीदार निवडा. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन बाजूंची मुले असताना ती जरूर करा. ज्या जोडीदाराला मोठा हिस्सा मिळणार आहे, त्याने मसुदा टाइप करणे, साक्षीदार गोळा करणे, कार्यालयात पुढे पुढे करणे टाळावे; कोर्टात नेमक्या याच गोष्टी संशयास्पद म्हणून दाखवल्या जातात. एखाद्या अपत्याला कमी देत असाल तर त्याचे कारणही दोन वाक्यांत लिहा. ‘तिच्या शिक्षणाचा आणि घराचा खर्च मी हयातीत केला आहे’ एवढेही पुरते.