ग्रुपने हॉरर बघायचाय? आधी कुणाला कशाची भीती वाटते ते विचारा

आम्ही सहाजण, चौघं ठाण्यातले आणि दोघं नेरूळचे, गेली काही वर्षं महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसून हॉरर बघतो, बहुतेक वेळा घोडबंदर रोडला आमच्या हॉलमध्येच. सुरुवातीचे पाच-सहा शनिवार पार वाया गेले. पिक्चर चांगले होते, पण कुणी मध्येच मोबाईल काढायचं, कुणी उठून किचनमध्ये जायचं, आणि एकदा तर एक मैत्रीण अर्ध्यातून उठून बाल्कनीत जाऊन बसली ती संपेपर्यंत आत आलीच नाही. नंतर कळलं की तिला भुताखेताची अजिबात भीती नाही, रात्री एकटी येऊरच्या रस्त्याने येईल, पण शरीराची चिरफाड तिला बघवत नाही आणि आम्ही नेमकं तेच लावलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं तिला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो. "हॉरर चालेल ना?" असं विचारू नका, त्याने काहीच कळत नाही, कारण हॉरर या एका शब्दात दहा वेगवेगळ्या भीत्या कोंबलेल्या आहेत आणि एकाला जी मजा वाटते ती दुसऱ्याला रात्रभर झोपू देत नाही. त्यापेक्षा हे विचारा: रात्री घरी एकटे आहात, लाईट गेली, खुट्ट आवाज झाला, पहिला विचार काय येतो? कुणीतरी घरात शिरलंय? की कुणीतरी आधीपासूनच घरात आहे? की आवाज झालाच नाही, आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय? पहिलं उत्तर देणाऱ्याला स्लॅशर (हत्यार घेऊन फिरणाऱ्या खुन्याचा पिक्चर) लागू पडतो, दुसऱ्याला भुताचा पिक्चर, तिसऱ्याला सायकॉलॉजिकल, म्हणजे मनाच्या खेळांचा. आमच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला तेव्हा सहाजणांची तीन उत्तरं आली आणि मागचे सगळे शनिवार का फसले ते एका मिनिटात समजलं.

नवीन ग्रुप असेल तर स्लॅशरपासून सुरू करा असं माझं ठाम मत आहे. एक खुनी, एक हत्यार, एकेक करून कमी होत जाणारी माणसं, नियम सगळ्यांना लगेच कळतात आणि "अगं तिकडे जाऊ नकोस!" असं ओरडायला मोकळीक असते, त्यामुळे नवखे लोक पण मोकळे होतात. १९६० चा 'सायको' याची पायाभरणी, मग १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस', आणि १९७८ ला जॉन कारपेंटरचा 'हॅलोविन' आला तिथून ८० च्या दशकात नुसता पूर आला. यात क्रम महत्त्वाचा आहे. १९९६ चा 'स्क्रीम' आधी लावू नका, त्यातल्या पात्रांना स्लॅशरचे नियम माहीत असतात आणि ते त्यावरच बोलतात, मग ज्याने जुना एकही बघितला नाही त्याला निम्मी गंमत कळतच नाही. आधी 'हॅलोविन'. आणि तो बघताना म्युझिक नीट ऐका, कारपेंटरने स्वतः केलंय, ठेका पाच मात्रांचा आहे. आपला कान चाराची सवय धरून बसलेला असतो, त्यामुळे सम पटकन सापडत नाही आणि काही घडत नसताना पण अस्वस्थ वाटत राहतं. आमच्यात एकजण तबला शिकलेला आहे, त्याने हे सोफ्यावर वाजवून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी पिक्चर थांबवून तो भाग परत लावला होता.

भुताच्या पिक्चरसाठी जागा जुळवा. हे फार कमी लोक करतात आणि त्याने प्रचंड फरक पडतो. टॉवरमध्ये राहत असाल तर रामगोपाल वर्माचा २००३ चा 'भूत' लावा, कारण त्याने भुताला पडक्या हवेलीतून उचलून मुंबईतल्या उंच बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं, पिक्चरमध्ये एक गाणं नाही, आणि तो बघून झाल्यावर आपल्याच लिफ्टने खाली जायचं असतं. याआधी १९४९ च्या 'महल' पासून रॅमसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' पर्यंत भूत म्हटलं की हवेली, कंदील, वादळ. ते पण बघा, पण ते दिवाळीच्या सुट्टीत गावच्या घरी जास्त रंगतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, फोक हॉरर. इथे एकटं भूत घाबरवत नाही, अख्खं गाव घाबरवतं. बाहेरचा माणूस आत येतो, सगळे त्याच्याशी गोड बोलतात, सगळ्यांना काहीतरी माहीत असतं जे त्याला माहीत नसतं. १९७३ चा 'द विकर मॅन' बघा, नाहीतर २०१९ चा 'मिडसोमार', जो जवळजवळ सगळा लख्ख उन्हात घडतो. पण मराठी ग्रुपला मी परदेशीपासून सुरू करायला सांगणार नाही, कारण या प्रकारात आपल्याकडे जन्मापासूनची तयारी आहे. पिक्चर लावण्याआधी अर्धा तास टीव्ही बंद ठेवून प्रत्येकाला विचारा की आजीने कुठलं भूत सांगितलं होतं. कोकणातल्याकडून देवचार येईल, कुणाकडून पाण्यातला गिऱ्हा, कुणाकडून रात्री एकाच शेताला गोल गोल फिरवणारा चकवा, आणि पिंपळावरचा मुंजा तर सगळ्यांकडे असतो. नेरूळवाला मित्र एरवी तोंड उघडत नाही, त्या दिवशी त्याच्या आजोबांचा चकव्याचा किस्सा सांगत वीस मिनिटं बोलला. मग 'तुंबाड' लावा. २०१८ ला आला तेव्हा थिएटरात फार लोकांनी बघितला नाही, २०२४ ला परत लागला तेव्हा गर्दी झाली. हिंदीत आहे पण वाडा, पाऊस, पिठाची बाहुली, सगळं आपलं आहे, आणि भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या गोष्टीचा धागा त्यात आहे हे धारप वाचलेल्यांना लगेच जाणवतं.

'लपाछपी' (२०१७) बद्दल मात्र काळजीने सांगतो. उसाच्या फडाचा असा वापर मी दुसरीकडे बघितला नाही, मराठीतला माझ्या मते सगळ्यात नीट बांधलेला हॉरर आहे, पण त्याचा विषय गरोदर बाई आणि स्त्रीभ्रूणहत्या हा आहे. ग्रुपमध्ये कुणी गरोदर असेल किंवा कुणाचं त्या बाबतीत काही दुःख असेल तर आधी बाजूला घेऊन सांगा आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडून द्या.

बॉडी हॉररला, म्हणजे शरीराची मोडतोड किंवा विद्रूप बदल दाखवणाऱ्या पिक्चरला, पण हाच नियम. क्रोनेनबर्गचा 'द फ्लाय', कारपेंटरचा 'द थिंग', दोन्ही ग्रेट आहेत, संगणकाशिवाय हाताने बनवलेले इफेक्ट आज पण अंगावर येतात. पण सगळ्यांचा स्पष्ट होकार हवा, आणि जेवणं आधी उरकून घ्या. फाउंड फुटेजला (पात्रांनीच शूट केलेली टेप नंतर सापडली असं दाखवणारा प्रकार) वेगळी अडचण आहे, 'ब्लेअर विच' सारखा हलता कॅमेरा मोठ्या प्रोजेक्टरवर बघून काहींना मळमळतं, तो लॅपटॉपवर दोघा-तिघांनी बघा. झॉम्बीला फार विचार लागत नाही, 'ट्रेन टू बुसान' लावा, लोकलने प्रवास करणाऱ्या कुणालाही डब्यातली ती गर्दी समजावून सांगावी लागत नाही.

हॉरर-कॉमेडीला हलकं समजू नका. घाबरणारा माणूस ग्रुपमध्ये टिकवायचा असेल तर हाच दरवाजा आहे. 'झपाटलेला' (१९९३) आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलाय, आता 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) च्या जोडीने एकाच रात्री बघा. मूळ कल्पना तिथली, पण तिकडच्या वूडूच्या जागी इथे मृत्युंजय मंत्र आला आणि तात्या विंचू असा काही आपला झाला की परदेशी बाहुला त्याच्यापुढे परका वाटतो.

खोलीची तयारी थोडक्यात. पडदे लावा, टीव्हीच्या काचेवर ट्यूबलाईट दिसत असेल तर अंधारातला सीन मेला म्हणून समजा. टीव्हीमधलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, त्याने पिक्चर सिरियलसारखा दिसतो. बेस कमी ठेवा, आमच्याकडे एकदा रात्री साडेबाराला खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती, त्यांचं बरोबर होतं, घरात लहान बाळ होतं. आणि साडेआठला सुरू कराच, दोन तासांचा पिक्चर आणि पाऊण तास गप्पा धरल्या तरी नेरूळवाल्यांना ट्रान्स हार्बरची गाडी मिळाली पाहिजे, नाहीतर गप्पांच्या वेळी त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

गप्पा कशा सुरू करायच्या हे सगळ्यात महत्त्वाचं. "कसा वाटला?" विचारलं की "भारी", "ठीक", "बोअर", संपलं. त्याऐवजी "तुझा हात नेमका कुठे आखडला?" असं विचारा. प्रत्येकाची जागा वेगळी निघते. मग बघायचं की तो नुसता दचका होता का. १९४२ च्या 'कॅट पीपल' मध्ये सामसूम रस्त्यावर एकटी बाई भरभर चालतेय, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्सकन आवाज करत बस येऊन थांबते, तिथून जंप स्केअरची, म्हणजे अचानक दचकवायची, ही युक्ती सगळ्यांनी उचलली. दचका विसरला जातो, घरी जाताना सोबत येते ती वेगळी भीती, बोलायचं ते तिच्याबद्दल.

आणि "हा हॉररच नाही, थ्रिलर आहे" हे भांडण होणारच. तेव्हा भूत काढून टाका आणि काय उरतं ते बघा. 'तुंबाड' मधून हस्तर (त्यातला राक्षस) काढला तरी बापाकडून मुलाकडे जाणारा हावरटपणा उरतो, म्हणून आमच्यातले दोघं त्याला हॉरर मानत नाहीत. माझं म्हणणं उलटं आहे, तो हावरटपणाच तर भूत आहे. यावर आम्ही एकदा स्टेशनच्या पुलावर उभे राहून इतके बोललो की एक गाडी सुटली.

येत्या शनिवारची निवड बाल्कनीत बसलेल्या त्या मैत्रिणीची आहे. तिने जपानी 'रिंगू' सांगितलाय, १९९८ चा मूळचा. साडेआठला.