खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पुन्हा आपल्या पायावर: या चुका टाळा

ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, तरी आजी अजून कॉटवरच. बऱ्याच घरांत असं होतं, कारण पाण्याचा पेला, कंगवा, चष्मा सगळं कुणीतरी हातात आणून देतं. पडून राहिलं की मांडीची ताकद भराभर उतरते. सर्जनने पायावर भार टाकायला परवानगी दिली असेल, तर दिवसातून चार-पाच वेळा तरी उठवा, आणि उठायचं काम त्यांचं त्यांना करू द्या.

सगळ्यात जास्त गडबड उठतानाच होते. सोफा खोल, खुर्ची बुटकी. मग कुणीतरी काखेत हात घालून ओढतं. त्यात खांदा दुखावतो आणि पायाला काहीच सराव होत नाही. हात असलेली, न दबणारी खुर्ची घ्या; बैठक गुडघ्यामागच्या घडीपेक्षा दोन बोटं उंच, साधारण 18 ते 20 इंच. आधी कडेला सरकायचं. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, चांगला पाय मागे. खुर्चीचे हात दाबून उठायचं. वॉकर ओढून उठू नये, तो कलंडतो. उभं राहून दहा आकडे मोजायचे, चक्कर नसेल तरच पाऊल टाकायचं.

वॉकर दुकानातून आणला तसाच वापरू नका. हात सैल सोडले की त्याची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. खालची रबरी बुचं झिजली की बदला. पुढे काठी आली की ती दुखऱ्या बाजूला धरली जाते. ती चांगल्या बाजूच्या हातात हवी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

सांधा बदलला असेल, तर पाटावर बसणं, मांडी घालणं, वाकून चप्पल उचलणं सर्जन सांगतील तोवर बंद. सळई किंवा स्क्रू असतील तर नियम वेगळे असतात, विचारून घ्या.

मोरीत बादली स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. परकर घोट्याच्या वर, चप्पल मागे पट्टा असलेली, रात्री संडासापर्यंत दिवा.

एकच पोटरी सुजली, जखमेतून पाणी आलं किंवा जांघेत एकदम कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

घरातल्या घरात पडून खुबा मोडला, तर हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी. त्याचं औषध कागदावर लिहिलेलं नसेल, तर पुढच्या तपासणीला स्वतःहून विचारा.